नवाच्या आधीं दहा

नऊ आधीं कीं दहा आधीं, हा प्रश्न आम्हांस कोणी विचारील असें वयाच्या चोविसाव्या वर्षापर्यंत आमच्या स्वप्नींही आलें नव्हतें. ज्या दिवशीं तो विचारला गेला त्या दिवशीं आम्हांस त्याचें उत्तर देतां आलें नाहीं. विचारणारा एक म्हातारा गोंड शेतकरी होता. त्यास अक्षरओळख नव्हती, आणि आम्ही पदवीधर होतों. ती हकीकत इतक्या वर्षांनीं लिहावयास बसलों आहों याचें कारण इतकेंच कीं, संगणकावर याद्या करणारीं माणसें आतां गांवोगांव झालीं आहेत, आणि जी चूक आमच्या हातून झाली ती रोज कोठें ना कोठें होत असली पाहिजे अशी आमची खात्री आहे.

गडचिरोली जिल्हा चंद्रपुरापासून वेगळा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ रोजीं. बारा तालुके, चौदा हजारांवर चौरस किलोमीटर विस्तार, आणि त्यांतील बहुतेक रान. या रानांत ज्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या धान पिकविलें त्यांच्या बांध्या कागदोपत्रीं सरकारी जंगलांत मोडत. म्हणजे नांगर त्यांचा, घाम त्यांचा, आणि अतिक्रमणाचा गुन्हाही त्यांचाच. २००६ सालीं संसदेनें वनहक्क मान्य करणारा कायदा केला. २००७ च्या अखेरीस तो अमलांत आला, आणि १३ डिसेंबर २००५ च्या पूर्वींपासून जो आदिवासी अशी जमीन कसत होता त्यास, चार हेक्टरांच्या मर्यादेंत, ती आपली म्हणण्याची वाट मोकळी झाली. धानोरा तालुक्यांतील मेंढा या गांवास २००९ सालीं १८०९.६१ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला ही गोष्ट तर देशभर गाजली. परंतु तें एका एकजुटीच्या गांवाचें यश होतें. एकट्यादुकट्या शेतकऱ्याचा दावा ग्रामसभेंतून उपविभागाच्या समितीकडे आणि तेथून जिल्ह्याच्या समितीकडे जावयाचा, आणि प्रत्येक पायरीवर तो कोणत्या ना कोणत्या यादींत असावयाचा. या याद्या करणें हें आमचें काम होतें.

कचेरीचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. आम्ही तेथें कंत्राटावर संगणक चालवीत होतों. साल २०१०, महिना रोवणीचा. आठदहा गांवांचे मिळून १४३ दावे आमच्या टेबलावर येऊन पडले, व त्यांच्या सुनावणीसाठीं तीन दिवस मुक्रर झाले. पहिल्या दिवशीं दावा क्रमांक १ ते ६०, दुसऱ्या दिवशीं ६१ ते १२०, तिसऱ्या दिवशीं उरलेले, अशी नोटीस गांवोगांव कोतवालांकरवीं गेली. पुकारा करण्याची यादी मात्र आमच्या यंत्रांतून निघाली. आम्हीं यंत्रास 'दावा क्रमांकाप्रमाणें लाव' म्हणून सांगितलें, त्यानें लावून दिलें, आणि पहिलीं साठ नांवें छापून आम्हीं तो कागद साहेबांपुढें ठेविला. आम्हीं तो वाचून पाहिला नाहीं. यंत्रानें लावलेला क्रम माणसानें वाचून काय पहावयाचा, असा आमचा त्या काळचा समज होता.

सकाळीं पुकारा सुरू झाला. क्रमांक एक हजर होता. त्यानंतर दहा, तोही हजर. त्यानंतर शंभर; गैरहजर. एकशें एक, गैरहजर. एकशें दोन, गैरहजर. एकशें नऊपर्यंत एकाचाही पत्ता नाहीं. मग अकरा हजर, आणि एकशें दहापासून एकशें एकोणिसापर्यंत पुन्हां सामसूम. साहेब शिपायावर चिडले. नोटीस पोंचविली नाहीं म्हणून कोतवालांच्या नांवानें बोलणें झालें. बाहेर ओसरीवर मात्र माणसें दाटीवाटीनें बसलीं होतीं, आणि हीं इतकीं माणसें आलीं आहेत तर हजेरी कां लागत नाहीं, हें आम्हां कोणाच्याच लक्षांत येईना. सायंकाळपर्यंत साठ नांवें पुकारून झालीं तेव्हां सोळा हजर व चव्वेचाळीस गैरहजर अशी नोंद झाली. कचेरींत काम केलेल्या माणसास गैरहजर या शब्दाचें वजन सांगावयास नको.

तो म्हातारा दुपारीं एकदां व दिवस कलतांना एकदां आमच्या खिडकीशीं आला. कापडांत, कापडावर प्लास्टिकच्या पिशवींत, अशी दुहेरी गुंडाळलेली दाव्याची पोच त्याच्यापाशीं होती. तीवर '९' हा आंकडा होता. पावसानें नाला भरला होता, तो डोंग्यांतून ओलांडून पहांटेच निघालों होतों, रोवणी मुलांवर सोपवून आलों, असें त्यानें पहिल्या खेपेस सांगितलें. आम्हीं यादी पाहिली. त्या दिवसाच्या साठांत नऊ क्रमांक नव्हता. "आजोबा, तुमचा दिवस आज नाहीं, यंत्र चुकत नसतें," असें आम्हीं त्यास सांगितलें. दुसऱ्या खेपेस तो म्हणाला, "बाबू, तो दहा नंबरचा मानूस आमच्याच गांवचा आहे. त्याचं सकाळींच झालं. नऊ पयले येते का दहा पयले येते जी?"

त्याचा अंकांशीं परिचय शाळेचा नव्हता. तेंदूच्या हंगामांत सत्तर पानांचा एक पुडा, असे शेंकड्यांनीं पुडे ज्यानें फळीवर मोजून दिले, त्यास नवानंतर दहा येतात हें कोणी शिकवावें लागत नाहीं. आम्हीं खिडकी लावून घेतली.

चूक सांपडली ती रात्रीं, आणि सांपडली आमच्या नजरेस नव्हे, तर बडे बाबूंच्या. ते निवृत्तीस आलेले गृहस्थ. संगणकास हातही लावीत नसत. त्यांनीं छापील यादी हातीं घेऊन क्रमांकांचा रकाना तेवढा वरून खालीं वाचला: १, १०, १००, १०१. आणि म्हणाले, "अहो, हा तर शब्दकोश झाला." याहून नेमकें निदान आम्हीं पुढें कोणत्याही जाड पुस्तकांत वाचलें नाहीं. शब्दकोशांत 'कमळ' हा शब्द 'घर' या शब्दाच्या आधीं येतो. 'कमळ' तीन अक्षरी व 'घर' दोन अक्षरी म्हणून कोणी तो मागें ढकलीत नाहीं. पहिलें अक्षर पहावयाचें, त्यावर निकाल लागला तर पुढें पहावयाचेंच नाहीं, हा तेथला न्याय. आमच्या यंत्रानें क्रमांकांस हाच न्याय लाविला होता. दहाचें पहिलें अक्षर एक, नवाचें पहिलें अक्षर नऊ. एक लहान, म्हणून दहा आधीं. या हिशेबानें एकाने आरंभ होणारे सगळे पंचावन्न क्रमांक पुढें गेले, दोन हा छप्पन्नावा आला, आणि नऊ क्रमांकाचा म्हातारा एकशें तेहेतिसाव्या जागीं जाऊन बसला.

यंत्राचा यांत तिळमात्र दोष नव्हता. डेटाबेसांत नवें कोष्टक मांडतांना प्रत्येक रकान्याच्या माथ्यावर तें आपणांस विचारतें: येथें काय येणार? मजकूर, पूर्णांक, अपूर्णांक, कीं तारीख? आम्हीं सगळ्या रकान्यांस 'मजकूर' असें उत्तर देऊन मोकळे झालों होतों. त्यास आळस हें एकच कारण नव्हतें. एखादा दावा '३७ अ' असा निघाला तर अंकांचा रकाना तो स्वीकारणार नाहीं, आणि मजकुराचा रकाना कशासही नको म्हणत नाहीं, असा विचार आम्हीं केला होता. '३७ अ' असा दावा शेवटपर्यंत एकही निघाला नाहीं. जो रकाना सर्व कांहीं स्वीकारतो त्यास आपल्यांत काय आहे हें कळत नाहीं, हें आमच्या ध्यानांत आलें नव्हतें. संगणकाच्या शास्त्रांत ही गोष्ट नवी नाहीं. कॉड नांवाच्या गणितज्ञानें १९७० सालीं कोष्टकांच्या रूपानें माहिती सांठविण्याचा सिद्धांत मांडला, तेव्हांच प्रत्येक रकान्याच्या मागें शक्य मूल्यांचें एक क्षेत्र असतें व तें आधीं ठरवावें लागतें, ही कल्पना त्यानें पायाशीं घातली होती.

बडे बाबूंनीं सुचविलेला उपाय जुना होता: ००१, ००२, ००९, ०१० असें लिहा, म्हणजे शब्दकोशही बरोबर चालेल. भोंकें पाडलेल्या कार्डांच्या काळांत हेंच करीत. अमेरिकेच्या १८९० च्या खानेसुमारीपासून हीं कार्डें प्रचारांत आलीं. त्यांवर प्रत्येक आंकड्यास ठराविक घरें असत आणि रिकामीं घरें शून्यांनीं भरीत. उपाय चांगला आहे, परंतु हजारावा दावा येईपर्यंतच. आम्हीं त्या रात्रीं रकान्याचा प्रकार बदलून पूर्णांक केला. एवढ्या एका शब्दानें यादी सरळ झाली. चव्वेचाळीस गैरहजेऱ्या बडे बाबूंनीं स्वतःच्या हातानें लाल शाईनें खोडून प्रत्येकीसमोर सही केली. ओसरीवर रात्रीं मुक्कामास राहिलेल्यांस ती बातमी तेव्हांच सांगितली. बरेच जण मात्र अंधार पडण्यापूर्वीं गांवीं परतले होते.

येथेंच ही गोष्ट संपती तर आम्हीं ती लिहिलीही नसती. परंतु एकदां पोळल्यावर आम्ही दुसऱ्या टोंकास गेलों. जेथें आंकडा दिसेल तेथें अंकांचा रकाना, असा सपाटा लाविला, आणि त्यांतून पहिल्याहून वाईट घोटाळे निघाले.

क्षेत्रफळाचा रकानाच घ्या. गांवाकडून आलेल्या कागदावर '१.५' असें लिहिलेलें असे. लिहिणाऱ्याच्या मनांत एक हेक्टर पांच आर असत. यंत्र त्याचा अर्थ दीड हेक्टर, म्हणजे एक हेक्टर पन्नास आर, असा घेई. पंचेचाळीस आरांचा हा फरक एका ठिपक्याच्या पोटांत दडलेला असतो. एक एकराहून अधिक जमीन ती! मेंढ्याच्या १८०९.६१ मध्यें वाद नाहीं, कारण तेथें ठिपक्यानंतर दोन घरें भरलेलीं आहेत. परंतु पांच आर लिहितांना आधींचें शून्य गाळणारे हात गांवोगांव आहेत. देशावर एकर-गुंठ्यांचा हिशेब चालतो तेथें तर याहून मौज. दोन एकर नऊ गुंठे '२.९' व दोन एकर दहा गुंठे '२.१०' लिहिलेले आम्हीं पाहिले आहेत. अंकांच्या रकान्यांत २.१० म्हणजे २.१, आणि तो २.९ हून लहान! येथें अंकांचा रकाना घेऊनही पुन्हां नवाच्या आधीं दहाच आले. गुंठे चाळीस झाले म्हणजे एकर होतो, शंभर झाले म्हणजे नव्हे. त्या ठिपक्याचें दशांशचिन्हाशीं नुसतें रूपसाम्य आहे. १९५७ च्या एप्रिलपूर्वीं रुपये-आणे-पै लिहिणारे कारकून या बाबतींत आमच्याहून शहाणे होते. ते तीन रकाने आंखीत. आम्हीं शेवटीं एकच रकाना ठेविला, पण त्यांत हेक्टर लिहावयाचे नाहींत, फक्त आर, आणि तेही पूर्णांकांत. एक हेक्टर पांच आर म्हणजे १०५.

खसऱ्याच्या क्रमांकानें आमची जी फजिती केली ती तर प्रहसनास शोभावी. गांवांतून येणारी माहिती आम्ही आधीं स्प्रेडशीटमध्यें भरीत असूं. '१२/१' असा खसरा टाइप करून पुढच्या घरांत गेलों कीं मागें '१ डिसेंबर' झालेलें असे. '११८/२' मात्र जशाचा तसा राही, कारण एकशें अठरावा दिवस कोणत्याही महिन्यास नाहीं. याप्रमाणें एकाच गांवच्या जमिनींपैकीं निम्म्या तारखा झाल्या, निम्म्या मजकूर राहिल्या, आणि क्रम लावतांच तारखा वर व मजकूर खालीं अशी गांवाची फाळणी झाली. महाराष्ट्रांतील शेतकऱ्याचा जो आधार, गांव नमुना सात व गांव नमुना बारा मिळून झालेला सातबारा, तोही '७/१२' असा लिहून पहावा: यंत्राच्या मांडणीप्रमाणें तो कोठें सात डिसेंबर होतो, कोठें बारा जुलै. यांत आम्हीच अडाणी होतों असेंही नाहीं. जीवशास्त्रज्ञांच्या कोष्टकांत 'मार्च१', 'सेप्ट२' अशा नांवांचीं मानवी जनुकें वर्षानुवर्षें तारखा होत राहिलीं, व शेवटीं २०२० सालीं त्या शास्त्राच्या नामकरण समितीनें नियम करून जनुकांचींच नांवें बदललीं. आमच्या शेतकऱ्यास खसरा बदलून मागण्याची सोय नव्हती. म्हणून आम्हीं त्या क्रमांकाचे दोन तुकडे केले. मूळ क्रमांक पूर्णांकांत, पोटहिस्सा वेगळ्या रकान्यांत, आणि छापतांना मध्यें तिरकी रेघ.

तारखांचें दुःख याच्या उलट. तारीख ही कालांतील जागा असते, तिला तिचाच रकाना हवा. परंतु ती मजकुरांत लिहिली कीं ०१-०६-२००८ ही १३-१२-२००५ च्या आधीं येऊन बसते, कारण शून्य एकाहून लहान. ज्या कायद्याचा सारा भार १३ डिसेंबर २००५ या एका दिवसावर, त्याच्या कामांत हा घोटाळा किती महाग पडावा! त्यांतून आमच्या यंत्राची मांडणी अमेरिकन होती. महिना आधीं, दिवस मागून. ०५-१२-२००५ हा पुरावा तें निमूटपणें १२ मे करी, व १३-१२-२००५ मध्यें तेरावा महिना सांपडेना म्हणून ती तारीख मजकूर म्हणून सोडून देई. साल, महिना, दिवस या क्रमानें तारीख लिहिण्याची जी आंतरराष्ट्रीय पद्धति आहे ती आम्हांस पूर्वीं रुक्ष वाटे. तींत शब्दकोशाचा क्रम व काळाचा क्रम एकच होतो.

मग आंकडा कोणता व नांव कोणतें, हें ओळखावें कसें? बेरीज करून पहावी, असें एक सूत्र सांगतात: ज्यांची बेरीज निरर्थक ते आंकडे नव्हत, नांवें होत. फोनचा क्रमांक, बँकेचें खातें हीं नांवें; त्यांस अंकांच्या रकान्यांत घातलें तर आरंभींचीं शून्यें गळतात, आणि स्प्रेडशीटांत पंधरा अंकांपलीकडच्या लांब खात्याचें शेपूटही शून्यें होऊन जातें. येथवर सूत्र ठीक आहे. परंतु दाव्याच्या क्रमांकांची तरी बेरीज कोण करितो? तरीही त्यांस क्रम आहे, आणि त्या क्रमावर एका माणसाचा दिवस अवलंबून असतो. उलट ग्रंथालयांत पहावें. १८७६ सालीं ड्यूईनें काढलेल्या पद्धतींत ३९८.२१ हें पुस्तक ३९८.३ च्या आधीं उभें असतें, आणि तेथें तेंच योग्य आहे. म्हणून केवळ सूत्रावर विसंबूं नये. त्या रकान्याकडे उद्यां कोण, कोणत्या कामासाठीं येणार आहे, तें आधीं पहावें असें आम्हांस वाटतें.

नांवांच्या क्रमाविषयीं लिहावें तितकें थोडें. आम्हीं कामास लागलों तेव्हां कचेरींतील जुन्या याद्या कृतिदेव या टंकांत होत्या. तींत मराठी अक्षर दिसे तें पडद्यावर. पोटांत इंग्रजी कळांचीं चिन्हें. आमच्या बारा तालुक्यांचा क्रम त्या यंत्राकडून लावून घेतला तेव्हां पहिली एटापल्ली आली, दुसरें धानोरा, आणि ज्याच्यावरून जिल्ह्यास नांव पडलें तें गडचिरोली सर्वांत शेवटीं. कारण 'ए' ची कळ स्वल्पविरामाची, 'ध' ची तिरक्या रेघेची, आणि 'ग' ची एक्सची! सिरोंच्याची पहिली वेलांटी अक्षराच्या आधीं टाइप होते म्हणून तें 'स' मध्यें न सांपडतां ऱ्हस्व वेलांट्यांच्या ढिगांत सांपडे. युनिकोड आल्यावर हा अनर्थ टळला, पण पुरता नव्हे. त्याच्या संकेतांत ळ हा ल व व यांच्या मध्यें बसविला आहे. आमच्या वर्णमालेंत तो ह च्या नंतर येतो. नुसत्या संकेतांवर क्रम लाविला तर काळे हे कावळ्यांच्या आधीं येतात. रकान्यास 'मजकूर' म्हणतांना कोणत्या भाषेचा मजकूर हेंही यंत्रास सांगावें लागतें, आणि हें सांगणारे फार थोडे.

दुसऱ्या दिवशीं नाल्यास पूर होता. ओसरीवर मुक्काम केलेले तेवढे आदल्या दिवसाचे दावेदार आले. म्हातारा आला तो तिसऱ्या दिवशीं, अकराच्या सुमारास, गुडघ्यांपर्यंत चिखलानें भरलेला. साहेबांनीं त्याचा दावा आधीं घेतला. त्याच्या बाजूनें गांवच्या दोन म्हाताऱ्यांचे जबाब लिहिलेले होते, असे जबाब त्या कायद्यांत पुरावा म्हणून चालतात, आणि चौकशी पाव तासांत उरकली. अंगठा देऊन तो आमच्या खिडकीशीं आला. आम्हीं उठून उभे राहिलों, आणि त्या दिवशीं यंत्र नव्हे, आम्ही चुकलों होतों, नऊच आधीं येतात, असें त्यास सांगितलें. त्यानें मान हालविली. सुनावणी झाल्यावर पोच परत घेऊन नस्तींत लावावयाची असा कचेरीचा शिरस्ता होता, म्हणून आम्हीं हात पुढें केला. त्यानें ती आम्हांस एकवार दाखविली, पुन्हां कापडांत गुंडाळली, पिशवींत घातली, आणि कनवटीस लावून तो पायऱ्या उतरून गेला.